विषय : ९२ हजार घेऊन टुरिस्ट व्हिसा हातात दिलात, पैसे आणि पासपोर्ट परत द्या

मॅनेजर साहेब, नमस्कार,

मी चिपळूणचा, लोटे एमआयडीसीत ११ वर्षं पाइप फिटर. मार्चमध्ये तुमच्या एजन्सीत दुबईच्या नोकरीसाठी फाइल दिली होती. आठवत नसेल तर सांगतो, ट्रेड टेस्टला तुमचा माणूस गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारी चकती, न टाकताच पाइपाच्या जोडाची फ्लँज आवळायला लावत होता आणि मी म्हटलं अहो हा लीक मारणार, तो मी. त्यावर तो हसला आणि म्हणाला सिलेक्ट. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मेडिकल आणि फाइलचे म्हणून २० हजार रोख घेतलेत, नंतर ७२ हजार गुगल पेवर, तेही कंपनीच्या खात्यात नाही, कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर. पावती काय दिली तर १२ हजारांची, "डॉक्युमेंटेशन" लिहिलेली, ना शिक्का ना जीएसटी नंबर. हे पैसे बायकोचं सोनं पतपेढीत ठेवून आणलेत, व्याज चालू आहे.

चार महिने "आज येतो उद्या येतो" करून जुलैत व्हिसाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकलीत. भाचीने उघडून बघितली तर म्हणते मामा यावर टुरिस्ट लिहिलंय. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट होतो, सगळे असेच जातात, एअरपोर्टवर कुणी विचारलं तर चुलतभावाकडे फिरायला चाललोय सांगा. साहेब, माझा चुलतभाऊ चिपळूण स्टँडवर वडापावची गाडी लावतो.

माझं शिक्षण नववी, म्हणून पासपोर्ट ईसीआर, दहावी नसलेल्यांचा असतो तो. म्हणजे युएईत कामाला जायचं तर सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, तो टाळायला तुम्ही मला टुरिस्ट करून पाठवत होतात हे आता समजलं. तिकडे काही झालं असतं तर ना करार, ना विमा. २७५ रुपयांत दोन वर्षांचा प्रवासी भारतीय बीमा निघतो, १० लाखांचा, तो पण क्लिअरन्सने जाणाऱ्यालाच. ९२ हजारात तुम्हाला तेवढं पण जमलं नाही.

मग भाचीनेच सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तुमच्या बोर्डावरचा लायसन्स नंबर टाकला. नंबर खरा निघाला, पण कंपनी दुसरी आणि पत्ताही दुसराच. तुमचा माणूस म्हणतो ती आमची सिस्टर कंपनी. असं चालत नाही ना, १९८३ च्या उत्प्रवास कायद्यात परदेशी माणसं पाठवायला स्वतःच्या नावाची नोंदणी लागते, दुसऱ्याच्या नंबरावर दुकान नाही मांडता येत. आणि ज्याच्याकडे नोंदणी आहे तोही ३० हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर सर्व्हिस चार्ज घेऊ शकत नाही, पावती देऊनच. सरकारने नोंदणीवाल्या एजंटांची यादी पोर्टलवर केली हे बरंच केलं, पण ती बघून मग पैसे द्या हे गावात येऊन कोण सांगतं? आमच्याकडे तुमचा एजंट येतो, चहा पितो, पोरांना पॅम्फ्लेट वाटतो, यादीवाला कोणी येत नाही.

तर आता पूर्ण ९२ हजार १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात पाहिजेत, मेडिकलचे कापून वगैरे नाही. आणि पासपोर्ट ताबडतोब. "फाइल कॅन्सल चार्ज १० हजार भरा मग देतो" हे तुमच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर सांगितलेलं माझ्याकडे रेकॉर्ड आहे. पासपोर्ट भारत सरकारचा असतो, तो अडवून ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

नाही दिलात तर मुंबईत बीकेसीला विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे हा क्लिअरन्स देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या ऑफिसात लेखी तक्रार, पोर्टलवर तक्रार आणि पोलिसातही. गुगल पेचे स्क्रीनशॉट, ती पावती, पीडीएफ, सगळ्याच्या झेरॉक्स तयार आहेत. विनानोंदणी धंद्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, वाचून घ्या.

रविवारी रात्रीच्या एसटीने निघतोय, सोमवारी १० ला ऑफिसात असेन. माझ्याबरोबर गुहागरची आणखी दोन पोरं आहेत, त्यांच्याही फाइली तुमच्याकडेच आहेत. तिघांचे पासपोर्ट काउंटरवर काढून ठेवा.

आपला,
फाइल दिलेला फिटर, चिपळूण