११ तारखेच्या हुतात्माने या

चि. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणी विचारतात, सोलापुरात बघायला काय आहे? फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

११ जानेवारीला संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने या. गाडीत बसल्यावर हे हुतात्मे कोण ते त्यांना सांग. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गावात गोळीबार झाला, पोलीस निघून गेले आणि ९ ते ११ मे असे तीन दिवस सोलापूर लोकांनीच सांभाळलं. मग इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. या चौघांना १२ जानेवारी १९३१ला फाशी दिली, ती तुमच्या पुण्यात, येरवड्याला. रोज संध्याकाळी ती गाडी पुण्याहून सुटते तेव्हा मला वाटतं, चौघं घरी यायला निघालेत. १२ला सकाळी आधी चार हुतात्मा पुतळ्यापाशी जाऊ. मी कारखान्यात रजा सांगून ठेवलीय.

पुढे संक्रांतीच्या तोंडावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आहेच. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंच काठ्यांचे सात नंदीध्वज पेलत सिद्धेश्वराच्या देवळाकडे येतात. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे याच सिद्धेश्वरांशी, लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपला योगदंड दिला, आणि त्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. त्या लग्नाच्या अक्षता आपण अजून टाकतो. संमती कट्ट्यावर मंगलाष्टकं नसतात, कानडी संमती वाचतात, आणि 'सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम' म्हटलं की सगळीकडून अक्षता पडतात. कानडी न कळणाऱ्याचाही हात वर जातो. तू चार वर्षांची असताना माझ्या खांद्यावरून टाकल्या होत्यास.

किल्ला, तलाव, डॉ. कोटणीसांचं स्मारक, वाटेत होईल सगळं. पूर्व भागात मात्र वेळ काढायचा. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी तो वसवला, गल्लीत अजून तेलुगूच ऐकू येतं. १८७७ची जुनी गिरणी गेली, मागून बाकीच्याही बंद पडल्या, पण माग राहिले. मी तीस वर्षं मागावर उभा आहे, म्हणून एवढं सांगतो: मैत्रिणींना चादर घ्यायची तर उलटून बघायला सांग. आपल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी उठते, फक्त रंगांची अदलाबदल होते. एका बाजूला नुसते धागे लोंबत असतील तर नाव काहीही छापलेलं असो, ती घेऊ नका.

आई शेंगाची चटणी कुटायला बसलीय. कडक भाकरी बांधून देणार आहे, महिनाभर टिकतील.

तिकिटं आत्ताच काढ, गड्ड्याच्या दिवसांत मिळत नाहीत. किती जणी येताय ते कळव, अंथरुणं काढून ठेवतो.

तुझे,
अप्पा