पाव मऊ व्हायलाच हवा!

प्रिय मंजू,

काल फोनवर तू म्हणालीस ना, की स्टुटगार्टमध्ये मिसळीचं बाकी सगळं जमतं, मटकीला मोडसुद्धा झकास येतात, फक्त पाव दगड होतो, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. फोनवर घाईघाईत सांगून काही उपयोग नाही, म्हणून नीट लिहितेय.

आधी पीठ बदल. तू वापरतेस तो तिकडचा जर्मन टाइप 405 मैदा केक-बिस्किटांना छान, पावाला टाइप 550 घे, त्यात प्रोटीन जरा जास्त असतं आणि लवचिकपणा येतो तो त्यातूनच. आणि मळताना पीठ हाताला चिकटलं की तू वरून कोरडं पीठ भुरभुरवतेस ना, ते आधी बंद! पाव कडक होतो तो तिथेच. चपातीच्या कणकेची सवय आपल्या हातात इतकी मुरलेली असते की चिकट गोळा बघवतच नाही, पण पावाचं पीठ सुरुवातीला चिकटच असतं गं, असू दे.

500 ग्रॅम पिठातलं 25 ग्रॅम बाजूला काढ, त्यात 125 मिली पाणी घालून मंद गॅसवर ढवळत राहा, साधारण 65 डिग्रीला ते दाटसर होतं, चमच्याने रेघ ओढली की रेघ तशीच राहते. जपानी लोक मिल्क ब्रेडला हेच करतात. शिजलेला स्टार्च कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. हे थंड झालं की उरलेलं पीठ, 200 मिली कोमट दूध, दोन मोठे चमचे साखर, दीड छोटा चमचा मीठ आणि 7 ग्रॅमचं ड्राय यीस्टचं एक पाकीट. दूध बोटाला जेमतेम कोमट लागायला हवं, फार गरम झालं तर यीस्ट मरतं, मग कितीही वेळ ठेव, फुगणार नाही. 40 ग्रॅम बटर मात्र शेवटी, गोळा जरा एकत्र आला की मग, नाहीतर ग्लुटेन, म्हणजे पिठाला लवचिक करणारं प्रोटीनचं जाळं, बनायला वेळ लागतो.

आता मळणं. हाताने पंधरा-वीस मिनिटं, मध्ये दम लागला तर झाकून दहा मिनिटं ठेवून दे, त्या वेळात पीठ आपलं आपण सुधारतं, खरंच. झालं की नाही बघायला लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताण आणि खिडकीसमोर धर, न फाटता इतका पातळ पडदा झाला पाहिजे की पलीकडची बोटांची सावली दिसेल. लगेच फाटला तर अजून मळायचं. मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, चिकट लगदा बघता बघता तुकतुकीत होतो.

मग दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेव. इथे मुंबईत मे महिन्यात पाऊण तासात होतं, तुझ्याकडे आत्ता थंडीत दीड-दोन तासही लागतील, घड्याळ बघू नकोस, पीठ बघ. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवलंस तर बरी ऊब मिळते. नंतर बारा गोळे करून ट्रेमध्ये अगदी बोटभर अंतरावर लाव, फुगले की ते एकमेकांना चिकटायला हवेत, कारण चिकटलेल्या बाजूला कडक पापुद्रा येतच नाही, आपल्या लादी पावाची सगळी गंमत त्यातच आहे.

परत फुगले की वरून दूध लावून 200 डिग्रीला 18-20 मिनिटं, ओव्हनचा पंखा चालू असेल तर 180. बाहेर काढल्या काढल्या बटर लाव आणि स्वच्छ फडक्याने झाकून ठेव, आतली वाफ वरचा भाग मऊ करते.

उरले तर फ्रीजमध्ये ठेवू नकोस प्लीज, तिथे ते जास्त लवकर शिळे होतात. गार झाले की पिशवीत बांधून सरळ फ्रीझरला टाक, हवे तेव्हा काढून गरम कर. शनिवारी करणार असशील तर मळताना व्हिडिओ कॉल लाव, तो पडदा मला बघायचाय.

तुझीच,
सुमी