दातांचा विमा निवडताना : मुलीस पत्र

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अमेरिकेतल्या कंपनीने देऊ केलेल्या दातांच्या विम्याच्या तिन्ही योजनांचे कागद मी काल दवाखाना बंद झाल्यावर सावकाश वाचले. सर्वांत कमी हप्त्याची योजना घेऊन मोकळी होऊ का, असे तू विचारले आहेस. मला ते पटत नाही. तुझे दात मी तुझ्या लहानपणापासून पाहत आले आहे, आणि दातांची योजना निवडताना हप्त्याच्या आधी पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्या तोंडात कोणते काम निघण्यासारखे आहे, याचा विचार करावा लागतो.

आपल्याकडे आरोग्य विम्यात दातांचे साधे काम बहुधा बसतच नाही, म्हणून कागल-गारगोटीहून माझ्याकडे येणारी माणसे सगळा खर्च खिशातूनच करतात. अमेरिकेत दातांचा विमा वेगळा मिळतो, पण त्याच्याकडून वैद्यकीय विम्यासारखी अपेक्षा ठेवू नकोस. वैद्यकीय विम्यात ठरावीक खर्च झाला की तुझा भार थांबतो. दातांच्या विम्यात ठरावीक रक्कम दिली की विमा कंपनीचा भार थांबतो. ही वार्षिक मर्यादा बहुतेक योजनांत एक ते दोन हजार डॉलरच्या दरम्यान असते, आणि न वापरलेली रक्कम सहसा पुढच्या वर्षात जात नाही.

तुझ्या तीनपैकी दोन योजना पीपीओ आहेत, म्हणजे डॉक्टर आपण निवडायचा, पण विमा कंपनीशी दर ठरवलेल्या, म्हणजे नेटवर्कमधल्या, डॉक्टरांकडे खर्च कमी येतो. या दोन्हींत तपासणी, एक्स-रे आणि वर्षातून दोनदा दात साफ करणे यांचे १०० टक्के, सिमेंट भरण्याचे ८० टक्के आणि कॅप किंवा ब्रिजचे (शेजारच्या दातांवर टेकवलेल्या कृत्रिम दाताचे) ५० टक्के मिळतात. समज, नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडे कॅपचा ठरलेला दर १,२०० डॉलर आहे. त्यातले डिडक्टिबलचे, म्हणजे विमा लागू होण्याआधी आपण भरायच्या रकमेचे, ५० डॉलर आधी तू भरायचेस, उरलेल्या १,१५० पैकी ५७५ कंपनी देईल आणि तुझ्या वाट्याला एकूण ६२५ येतील. रूट कॅनाल मात्र स्वस्त पीपीओने ५० टक्क्यांच्या गटात टाकले आहे आणि महाग पीपीओने ८० टक्क्यांच्या. दोन्हींच्या हप्त्यांत महिन्याला १८ डॉलरचा, म्हणजे वर्षाला २१६ डॉलरचा फरक आहे. दाढेचे एक रूट कॅनाल निघाले तरी तो बहुतेक भरून निघेल. शिवाय स्वस्त योजनेत मोठ्या कामांसाठी बारा महिने थांबावे लागते, आणि किडलेली दाढ इतके थांबत नाही.

तिसरी, म्हणजे तुला आवडलेली डीएचएमओ योजना, वाईट नाही. तिला वार्षिक मर्यादा नाही आणि प्रत्येक कामाचा तुझा वाटा आधीच ठरलेला आहे. पण त्यांनी नेमून दिलेल्या दवाखान्याबाहेर गेलीस तर काहीच मिळत नाही, आणि वर्षभरात तुझी बदली दुसऱ्या शहरात होण्याची शक्यता तूच लिहिली आहेस.

आता तुझ्या दातांविषयी. खालच्या डाव्या बाजूला तुझी दुसरी उपदाढ जन्मतःच नाही. तिच्या जागी दुधाची दाढ अजून टिकून आहे. तुझ्या ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, तिची मुळे झिजलेली स्पष्ट दिसतात. ती आज हलत नसली तरी कायमची नाही, आणि ती पडली की तिथे इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर केलेला दात) किंवा ब्रिज लागेल. अनेक योजनांत विमा सुरू होण्याआधीच नसलेल्या दाताच्या जागी काही बसवायचे झाले तर पैसे मिळत नाहीत, आणि काही योजना जन्मतः नसलेला दातही त्याच नियमात धरतात. हे कलम तुझ्या कागदांच्या शेवटी, बारीक अक्षरांतल्या यादीत आहे, पण त्याचा अर्थ दोन प्रकारे लागू शकतो; म्हणून तुझी नेमकी परिस्थिती सांगून विमा कंपनीकडून लेखी उत्तर माग. सुट्टीत घरी येशील तेव्हा इथेच इम्प्लांट करू, असे तुझे बाबा म्हणतात. स्क्रू बसवल्यावर हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे तुझ्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत ते काम पुरे होणार नाही.

उजव्या दाढेवरची कॅप मी २०२१ साली बसवली. कॅप बदलण्याचा खर्च योजना बहुधा पाच ते दहा वर्षांतून एकदाच देतात आणि आधीची कॅप कधी बसवली ते विचारतात. दाढेत पांढरे सिमेंट भरले तरी काही कंपन्या चांदी भरण्याच्या दराने हिशेब करतात आणि वरचा फरक तुझ्यावर येतो. तरीही तू पांढरेच भरून घे, तेवढा खर्च मला मान्य आहे. एक पथ्य मात्र पाळ. मर्यादा दोनदा वापरता यावी म्हणून रूट कॅनाल डिसेंबरात आणि कॅप जानेवारीत करण्याचा सल्ला तुला कोणी देईल. काही आठवड्यांचे अंतर चालेल, पण कॅपविना दाढेवर महिनोन्महिने चावत राहिलीस तर ती उभी चिरू शकते, आणि मग ती काढण्यावाचून उपाय उरत नाही.

माझ्या मते तू महाग पीपीओ घ्यावीस. डॉक्टर नेटवर्कमधलेच आहेत याची खात्री त्यांच्या दवाखान्यात फोन करून कर, कारण कंपनीच्या याद्या पुष्कळदा जुन्या असतात. नेटवर्कबाहेरचे डॉक्टर कंपनीने मानलेल्या दरापेक्षा जास्त घेतात तेव्हा तो फरक तुलाच भरावा लागतो. कोणतेही मोठे काम सुरू करण्याआधी त्यांच्याकडून कंपनीला खर्चाचा अंदाज पाठवायला सांग, म्हणजे तुझा वाटा आधीच कळेल. तुझा ओपीजी आणि कॅपची नोंद मी आज रात्री ईमेलने पाठवते. नावनोंदणीची मुदत संपण्याआधी उपदाढेविषयीचे उत्तर आले, की ते मला लगेच पाठव.

तुझी,
आई