लिंगाण्यावरील बोल्टची तपासणी कोण करणार?

महोदय,

हिवाळा सुरू झाला की पुण्यातील मित्रमंडळींचे गट वेल्ह्यामार्गे मोहरी गावी पोहोचतात, मोकळ्या माळावर तंबू ठोकतात आणि पहाटे बोराट्याच्या नाळेतून (डोंगरातील अरुंद, तीव्र उताराच्या घळीतून) उतरून लिंगाण्याच्या कातळाला भिडतात. रायगडासमोरचा, सुमारे ३,००० फूट उंचीचा हा सुळका चढण्यासारखे सुख नाही, हे नुकतेच मित्रांसोबत तेथे जाऊन आल्यावर मी मनापासून सांगतो.

मात्र वाटेतील एका टप्प्यावर जे पाहिले ते अस्वस्थ करणारे होते. दोर अडकवण्यासाठी कातळात ठोकलेला बोल्ट (लोखंडी खिळा) गंजून तांबडा झालेला, त्याची पट्टी बोटाने हलवताच डुलत होती आणि तिच्यात कोणीतरी सोडून गेलेली नायलॉनची स्लिंग (दोर ओवण्यासाठीचा पट्ट्याचा फास) उन्हाने पांढुरकी, कडक पडलेली होती. सह्याद्रीतील चार महिन्यांच्या पावसात साधे पोलाद गंजते, नायलॉन उन्हाने कमकुवत होते. तरीही उतरताना अनेक गट अशाच जुन्या साहित्यावर संपूर्ण भार टाकतात, कारण बोल्ट कधी बसवला याची नोंद तेथे कोठेच आढळत नाही.

पुण्यात अनुभवी गिर्यारोहण संस्थांची वाण नाही. त्यांनी वनविभागाच्या परवानगीने दरवर्षी पावसाळ्यानंतर या मार्गाची तपासणी करावी, खराब बोल्ट बदलून स्टेनलेस स्टीलचे बसवावेत आणि त्याची तारीख मोहरी गावात फलकावर लिहावी. या कामी गावातील वाटाड्या तरुणांना प्रशिक्षण व योग्य मोबदला मिळावा, ही कळकळीची विनंती.

– एक गिर्यारोहक, पुणे