पळू तरी द्यायचं होतं

नाशिक,
रविवार, रात्री

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या ग्राऊंडवर तू स्टार्टर होतास, मी शिकवतो त्या पोराला तू हर्डल्सच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलमधून फॉल्स स्टार्टवर, इशाऱ्याआधी हलला म्हणून, बाद केलंस, आणि शर्यतीनंतर सगळ्यांदेखत मी तुझ्यावर आवाज चढवला, ते चुकलं. पोरं बघत होती, त्यांचे मास्तर बघत होते, आणि तू शर्यत सोडायचा तो लाकडी क्लॅपर हातात धरून नुसता उभा होतास. एका शब्दाने उलट बोलला नाहीस. एसटीत बसल्यावर धुळ्यापासून चांदवडपर्यंत मी पोराकडे पाहिलं नाही, की त्याने माझ्याकडे. फोन करून माफी मागता आली असती, पण फोनवर पुन्हा तेच झालं असतं. तू नियम सांगणार, मी पोराचं तोंड सांगणार. म्हणून कागद घेऊन बसलोय.

आधी तुझ्या बाजूचं लिहितो. 'सेट' म्हटल्यावर त्याचा डावा हात चुन्याच्या रेषेवरून उचलला गेला, असं तू म्हणालास. मी सहाव्या हर्डलपाशी, म्हणजे जवळजवळ साठ मीटरवर उभा होतो. मला तिथून काय दिसणार? आणि तुझी नजर मला माहीत आहे. कॉलेजात असताना माझा ट्रेल लेगचा, म्हणजे मागून येणाऱ्या पायाचा, गुडघा कुठल्या हर्डलपासून खाली यायला लागतो, हे तू स्टँडच्या पायरीवर बसून सांगायचास. आठवा, म्हणायचास, आणि आठवाच असायचा. तेव्हा हात उचलला गेला असं तू म्हणतोस तर तो गेला. त्यावर माझा वाद नाही.

मला झोप येत नाहीये ती पुढच्या पंधरा सेकंदांमुळे. तू त्याला बाजूला काढलंस, तो चौथ्या लेनमधून बाहेर आला, आणि बाकीचे सात जण पळाले ते त्याने उभ्याने पाहिलं. तोंडातून ब्र नाही. मान खाली, एका हाताने उगाच बनियनचं टोक पिळत होता. तसाच उभा राहिलेला एक माणूस मी आधी पाहिलाय, तो मला गेले दोन दिवस आठवतोय.

२०२२ चा जुलै. अमेरिकेत युजीनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. तिथे १७ तारखेची संध्याकाळ, आपल्याकडे १८ ची सोमवार सकाळ. त्याआधीच्या आठवड्यात गोदेला पूर येऊन गेला होता, ग्राऊंडवर नुसता चिखल, सराव बंद. दुसऱ्या दिवशी आपल्या अविनाश साबळेची स्टीपलचेसची फायनल होती, त्यामुळे डोक्यात सगळी तीच. पण ११० मीटर हर्डल्सची फायनल मी कधी चुकवत नाही. चहा घेऊन मोबाईलसमोर बसलो होतो.

डेव्हन ॲलन. सत्तावीस वर्षांचा, त्याच गावच्या विद्यापीठात शिकलेला, त्याच मैदानावर वाढलेला. महिनाभर आधी न्यूयॉर्कला त्याने १२.८४ सेकंद वेळ दिली होती, त्याच्याहून जलद तोवर जगात दोघेच पळालेले. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाशी करार झालेला, म्हणजे या शर्यतीनंतर तो तिकडे जाणार हे लोकांना ठाऊक होतं. त्याचं नाव पुकारल्यावर स्टेडियममध्ये जो आवाज झाला तो मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही अंगावर आला. त्याआधीच एक लेन रिकामी झाली होती. टोकियो ऑलिंपिकचा विजेता हॅन्स्ले पार्चमेंट वॉर्मअपमध्ये जायबंदी झाला होता.

बंदूक वाजली, सगळे सुटले, आणि लगेच परत बोलावलं. मला वाटलं, मशीनचाच काही घोटाळा असेल. कारण डोळ्याला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मग आकडा आला: ०.०९९ सेकंद. नियम काय, तर बंदुकीनंतर ०.१०० च्या आत पायाचा दाब पायामागच्या स्टार्टिंग ब्लॉकवर आला तर तो फाऊल, कारण आवाज कानात शिरून पायापर्यंत पोचायला माणसाला एवढा वेळ लागणारच, असं धरलेलं आहे. ॲलन एक हजारांश सेकंद लवकर निघाला. त्याच स्पर्धेत, सेमीफायनलला, त्याची वेळ होती ०.१०१. तिथे तो चाणाक्ष, इथे तो गुन्हेगार.

मी तेव्हा वहीवर हिशेब मांडला होता, अजून ती वही आहे. हे लोक सरासरी साडेआठ मीटर सेकंदाला पळतात. म्हणजे एका हजारांश सेकंदात साडेआठ मिलिमीटर. आपल्याकडच्या द्राक्षाचा अर्धा मणी! शर्यत एकशे दहा मीटरची, मधे १.०६७ मीटर उंचीची दहा हर्डल्स, आणि माणूस बाद झाला अर्ध्या मण्यावर. २००९ सालीच फिनलंडमधल्या संशोधकांनी ही मर्यादा खाली, ०.०८ च्या आसपास आणावी असं सुचवलं होतं. तरी ती अजून तिथेच आहे.

आपण नाशिकची माणसं पूर कसा मोजतो? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. धरणातून किती क्युसेक सुटलं ते पेपरात येतंच, पण पुलावर उभा राहिलेला माणूस मारुतीकडे बघतो आणि त्याला जे कळायचं ते कळतं. तुझी नजर मला तशी वाटते. चुकू शकते, पण तिला विचारता येतं, "दिगू, नक्की पाहिलंस ना?" आणि तू माझ्या डोळ्यांत बघून हो म्हणतोस. ०.०९९ ला काय विचारणार?

ॲलनने विचारलं. खरं सांगतो, मला तेच सगळ्यात आवडलं. तो गुपचूप गेला नाही. पंचांपाशी उभा राहून कितीतरी वेळ बोलत होता, मला पळू द्या म्हणत होता, स्टेडियम ओरडत होतं. त्याला पळू दिलं नाही. शेवटी त्याला बाहेर जावं लागलं, आणि दोन रिकाम्या लेन ठेवून सहा जण पळाले. ग्रँट होलोवे १३.०३ मध्ये जिंकला, ट्रे कनिंगहॅम १३.०८, स्पेनचा अॅसिएर मार्टिनेझ १३.१७. होलोवे काय सुंदर पळतो, तुला मी सांगायला नको. पहिल्या हर्डलपर्यंतचे १३.७२ मीटर सात पावलांत, आणि हर्डलवरून जाताना डोकं वर-खाली होतच नाही. पण त्या दिवशी माझं लक्ष लागलं नाही.

आता मूळ मुद्दा. तू म्हणशील, हर्डल्समध्ये निकाल फिरणं काय नवीन आहे? बरोबर, पण ते कधी फिरतात ते बघ. २०११ ला दक्षिण कोरियात देगूला हर्डल्सची फायनल झाली. डेरॉन रोब्लेस पहिला आला. मग व्हिडिओ पाहिला तेव्हा त्याचा हात शेजारच्या लिऊ शियांगला लागलेला दिसला. रोब्लेसचं सुवर्ण गेलं, ते जेसन रिचर्डसनला मिळालं, लिऊ तिसऱ्याचा दुसरा झाला. २०१९ ला दोहामध्ये ओमर मॅक्लिओड धडपडत ओर्लांडो ओर्तेगाच्या लेनमध्ये घुसला, ओर्तेगा पाचवा आला, आणि अपिलानंतर त्यालाही कांस्य दिलं. २०२५ ला टोकियोत ४०० मीटर हर्डल्सला राय बेंजामिनने शेवटचं हर्डल पाडलं, ते दुसऱ्यांच्या वाटेत गेलं, त्याला आधी बाद केलं, नंतर पुन्हा बघून सुवर्ण परत दिलं. या तिन्ही वेळा शर्यत झालेली होती. वेळ नोंदलेली, नंबर लागलेले, व्हिडिओ हाताशी. त्यातून काही काढता आलं, काही घालता आलं. ॲलनचं तसं काही नाही. तो किती पळाला असता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि आमच्या पोराचंही नाही. सहा महिने घासून तो पहिल्या हर्डलला आठवरून सात पावलांवर आला होता. फायनलला ते जमलं असतं की नाही, ते मला बघायचं होतं. जिंकला नसता कदाचित.

काल सकाळी मी नियमांची पुस्तिका काढून बसलो. तुला पाठ असेल, मी पहिल्यांदा नीट वाचलं. फॉल्स स्टार्ट दिल्यावर खेळाडूने तिथल्या तिथे तोंडी हरकत घेतली, आणि रेफरीला शंका असली, तर रेफरी त्याला 'अंडर प्रोटेस्ट' पळू देऊ शकतो. निकाल मागाहून. जिथे प्रमाणित मशीनने फाऊल दाखवलाय तिथे हे चालत नाही, म्हणून ॲलनचा मार्ग जवळजवळ बंदच होता. पण आपल्याकडे कुठे मशीन आहे, दिगू? आपल्याकडे तू आहेस आणि तुझा क्लॅपर आहे. म्हणजे ज्याची ॲलन भीक मागत होता, ते आमच्या पोराला मागता आलं असतं. रेफरीने दिलं असतं की नाही तो पुढचा भाग.

त्याने मागितलं नाही, कारण मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं मी त्याला ट्रेल लेग शिकवला, दोन हर्डल्समधली तीन पावलं शिकवली, छाती कुठे झुकवायची ते शिकवलं. "सर, माझी हरकत आहे" हे चार शब्द नाही शिकवले. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून आलेला पोरगा, मोठ्या माणसाने बाहेर हो म्हटलं की बाहेर होतो. त्याच्या घरी तीच रीत आहे. मग तो गप्प राहिला आणि त्याच्याऐवजी मी बोंबललो, तेही शर्यत झाल्यावर, तेही तुझ्यावर. सगळंच उशिरा आणि सगळंच चुकीच्या माणसाला.

तुला माहीत आहे, इथे हर्डल्स धरून ठेवणं किती अवघड आहे. नाशिक म्हटलं की लांब पल्ला. कविता राऊतने राष्ट्रकुलचं पदक आणल्यापासून आमच्या पाड्यांवरची पोरं सकाळी रस्त्याला लागतात, आणि ते फार चांगलं आहे, त्याला फक्त पाय लागतात. हर्डल्सच्या एका फायनलला आठ लेन गुणिले दहा, ऐंशी हर्डल्स लागतात. माझ्याकडे अकरा आहेत. त्यातली सात वेल्डिंगवाल्याकडून पाइप जोडून घेतलेली, धक्का लागला तरी जागची हलत नाहीत. खरं हर्डल साडेतीन-चार किलोच्या जोराने पडायला पाहिजे. या पोराच्या नडगीवर खपलीवर खपली आहे, वरची सुकायच्या आत खालची परत फुटते. तरी तो येतो, कारण त्याने तेजस शिरसेला पाहिलंय. संभाजीनगर जिल्ह्यातला पोरगा फिनलंडला जाऊन १३.४१ पळतो, सिद्धांत थिंगालयाचा १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम मोडतो, हे त्याने मोबाईलवर इतक्यांदा पाहिलंय की तेजसचं पाऊल कुठे पडतं ते तो मातीत काठीने काढून दाखवतो. त्याला मी १९६४ च्या टोकियोची गोष्टही सांगितलीय, गुरबचनसिंग रंधावा ऑलिंपिकच्या फायनलला पाचवे आले ती. "मातीवर, सर?" एवढंच विचारलं त्याने. हो म्हटलं, मातीवरच.

शनिवारी तो येईल असं मला वाटलं नव्हतं. साडेपाचला पोचलो तर हर्डल्स लावून झालेली, टेपने मोजून. मी काही बोललो नाही, तोही नाही. वॉर्मअपनंतर त्याने मला विचारलं, "सर, हात खरंच हलला होता का?" मी म्हटलं, मी पाहिलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्यावर माझा विश्वास आहे. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मला पण वाटलं होतं, हलला." आणि पळायला गेला.

तर माझं काम असं आहे. दिवाळीच्या सुट्टीत तू दोन दिवस इकडे ये. वहिनींना घेऊन ये, त्यांना काळारामाला यायचंच आहे कधीपासून. क्लॅपर आण, ते लाल-काळं कार्डही आण. पोरांना ओळीने ब्लॉकवर बसव, मुद्दाम 'सेट' लांबव, ज्याचा हात उचलेल त्याला कार्ड दाखव, अगदी परवासारखं. मी रेफरी म्हणून बाजूला उभा राहतो. प्रत्येकाला तुझ्यासमोर ताठ उभं राहून, आवाज न चढवता, हरकत घ्यायला लावू. तू त्यांना घाबरवू नकोस, पण सोपंही करू नकोस. हे त्यांना माझ्यापेक्षा तुझ्याकडून शिकायला मिळालं पाहिजे.

येताना तुझ्या शाळेतली ती जुनी लाकडी हर्डल्स, अडगळीत पडलेली, चार-पाच तरी टेम्पोत टाकता आली तर बघ. भाडं मी देतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तारीख कळव.

तुझा,
बापू