इसबाच्या मुलांसाठी ॲलर्जीची तपासणी खान्देशातच व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. तो पाच महिन्यांचा असताना त्याच्या दोन्ही गालांवर लाल, ओलसर चट्टे उठले आणि रांगू लागल्यावर तेच कोपरांच्या घडीत व गुडघ्यांच्या मागे दिसू लागले. कोणी त्याला नायटा म्हणाले, कोणी खरूज, तर दात येताना असे व्हायचेच, असेही काही जणांनी सांगितले. ॲटोपिक डर्मटायटिस, म्हणजे लहान मुलांचा इसब, हे निदान त्वचारोगतज्ज्ञांकडून कळेपर्यंत त्याला अकरावा महिना लागला होता. पुढे त्याच्या ॲलर्जीच्या तपासणीसाठी चोपडा तालुक्यातून आम्हाला दोनदा पुण्याला जावे लागले. त्यातली पहिली खेप पूर्णपणे वाया गेली आणि ती का वाया गेली, हे इतर पालकांना कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांच्या घरी हा आजार नाही त्यांना तो अंगावरच्या पुरळाइतकाच वाटतो. प्रत्यक्षात मूल रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोपत नाही. आम्ही त्याच्या हातांत मोजे घालून वर मनगटाला नाडी बांधत असू, तरी सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसतच. खाजवल्याने कातडी फाटते, फाटलेल्या कातडीत जंतू शिरतात आणि त्याने खाज आणखी वाढते. अशा मुलांच्या त्वचेचे वरचे आवरणच मुळात कमकुवत असते, त्यामुळे तिच्यातला ओलावा टिकत नाही. घरात आईवडिलांपैकी कोणाला दमा, वारंवार शिंका किंवा असाच इसब असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता वाढते; माझ्या यजमानांना लहानपणी दमा होता. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो तेव्हा घामाने, आणि थंडीत कोरड्या हवेने, असा हा त्रास दोन्ही ऋतूंत वाढतो.

घरचे उपाय अर्थातच झाले. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी झाले, साबणाऐवजी डाळीचे पीठ झाले. त्या पिठाने फुटलेली कातडी अधिकच चरचरत होती, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. सासूबाईंनी घरात वांगे बंद केले. वांग्याने अंगाला खाज सुटते ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. मात्र ज्या मुलाने वांगे कधी चाखलेही नव्हते, त्याच्यासाठी सगळ्या घराचे भरीत हिवाळाभर का बंद राहिले, याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

याहून गंभीर गोष्ट मलमाची. एका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली ट्यूब आम्ही त्याच्या गालांना लावली आणि तिसऱ्या दिवशी चट्टे नाहीसे झाल्याने हरखून गेलो. ट्यूब थांबवल्यावर ते दुप्पट जोराने परतले, म्हणून पुन्हा लावली, आणि असे पाच-सहा आठवडे चालले. त्या मलमात तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध अशी तिन्ही एकत्र होती, हे तज्ज्ञांनी ट्यूब पाहून सांगितले. त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे केंद्र सरकारने 2018 साली शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तालुक्याच्या गावांत हा नियम किती पाळला जातो, हे वाचकांना मी वेगळे सांगायला नको. त्यानंतर आम्ही दुसरी चूक केली. स्टेरॉइड या शब्दाचीच धास्ती बसल्यामुळे तज्ज्ञांनी लिहून दिलेले सौम्य मलमही चोरट्यासारखे, मुगाच्या दाण्याएवढेच लावत राहिलो. योग्य प्रमाण कोणीतरी दाखवून द्यावे लागते: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. हे आम्हाला आमच्या मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसानंतर कळले.

आता तपासणीविषयी. खासगी प्रयोगशाळेत रक्त देऊन आम्ही एक मोठा संच तपासून घेतला. अहवालात खाण्याच्या पदार्थांची चार पाने होती आणि गहू, दूध, शेंगदाणा, हरभरा, केळी यांच्यापुढे अधिक चिन्हे होती. तो अहवाल समजावून सांगायला तिथे कोणी डॉक्टर नव्हते, त्यामुळे आम्हीच तो आपल्या समजुतीने वाचला आणि सगळे पदार्थ बंद केले. केळीच्या पट्ट्यात राहून केळी बंद आणि ज्या घरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय एकही भाजी होत नाही तिथे शेंगदाणा बंद, अशी सहा महिने कसरत केली. इसब तसूभरही हटला नाही. अंगणवाडीच्या काट्यावर मुलाचे वजन मात्र तीन महिने एकाच आकड्यावर अडले, तेव्हा सेविकाताईंनीच आम्हाला खडसावले.

पुण्याच्या पहिल्या खेपेला आम्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो, सकाळी तिथे पोहोचलो आणि तासाभरात परत फिरलो. खाजेवर आदल्या रात्रीपर्यंत देत असलेले गोड सिरप तपासणीच्या साधारण आठवडाभर आधी थांबवावे लागते. फोनवर नाव नोंदवून घेताना ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती आणि आम्हीही विचारली नाही. दुसऱ्या खेपेला तपासणी झाली. मुलाच्या पाठीवर पेनाने आकडे लिहून प्रत्येक आकड्याशेजारी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवला आणि बारीक टोकाने त्यातून नुसते टोचले; रक्त आले नाही आणि तो रडला तोही मुख्यतः शर्ट काढल्यामुळे. एक थेंब साध्या मिठाच्या पाण्याचा होता आणि एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या द्रव्याचा. निरोगी माणसाच्याही कातडीवर हिस्टामिनने गांध उठायलाच हवी. सिरप अंगात असेल तर ती उठत नाही आणि मग बाकीच्या थेंबांवरही विसंबता येत नाही. पहिली खेप का फुकट गेली, ते तेव्हा कुठे समजले. पंधरा-वीस मिनिटांनी डॉक्टरांनी पट्टीने गांधी मोजल्या. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची गांध ठळक होती, दुधाची जेमतेम होती, शेंगदाणा आणि गहू यांची मुळीच नव्हती.

त्यानंतर डॉक्टरांनी अर्धा तास जे विचारले, ते माझ्या मते तपासणीइतकेच मोलाचे होते. दूध प्यायल्यावर दोन तासांच्या आत कधी ओठ सुजले होते का, अंगावर पित्त उठले होते का, उलटी झाली होती का? यांपैकी काहीच कधी झाले नव्हते. केवळ गांध उठली किंवा रक्तात आकडा आला म्हणजे तो पदार्थ बाधतोच असे नाही. शरीर त्याला ओळखते एवढेच त्यातून कळते, असे त्यांनी समजावले आणि दूध, गहू, केळी, शेंगदाणा सगळे पुन्हा सुरू करायला लावले. अन्नाची खरी ॲलर्जी असलेली मुले असतात आणि त्यांच्यासाठी हीच तपासणी जीव वाचवणारी ठरू शकते. बहुतेक मुलांच्या इसबाचे मूळ मात्र ताटात नसते आणि विनाकारण बंद केलेला पदार्थ पुढे खरोखरच बाधू लागण्याचा धोका असतो. त्या दिवशी मुलाने परतीच्या प्रवासात दोन केळी खाल्ली. आता रोज कोमट पाण्याची झटपट अंघोळ, अंग टिपून तीन-चार मिनिटांत सर्वांगाला जाड हाताने ओलावा टिकवणारे साधे मलम, गोधड्या आठवड्याला कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात, आणि चट्टे उठतील तेव्हाच स्टेरॉइड, एवढेच करतो. इसब पुरता गेलेला नाही, पण मोजे सुटले आहेत.

शासनाने 2013 साली आपल्याच राज्यातील पालघरहून सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या आजारांसाठी मुले तपासली जातात, त्या यादीत त्वचेच्या आजारांखाली इसबाचे नाव आहे. अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा या कार्यक्रमाच्या तपासणी पथकांसमोर येतात. म्हणजे मूल हेरण्याची व्यवस्था आहे; हेरल्यावर त्याला पाठवायचे कुठे, हा प्रश्न उरतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे त्वचारोग आणि बालरोग विभागांनी मिळून महिन्यातला एक वार इसबाच्या व ॲलर्जीच्या मुलांसाठी ठरवावा, अशी माझी विनंती आहे. टोचून करायच्या तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. अर्क, शिकलेला हात, क्वचित तीव्र प्रतिक्रिया आलीच तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आणि निकाल समजावणारा डॉक्टर लागतो. शेवटचा सर्वांत आवश्यक आहे, कारण त्याच्याविना तपासणीने काय होते ते आम्ही सहा महिने भोगले. अशी सोय कुठे आधीपासून असेल तर तिचा वार, वेळ आणि सिरप केव्हा थांबवायचे ही सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लावावी. त्याच केंद्रांत साधे पांढरे पेट्रोलियम जेली मोठ्या डब्यांतून मिळावे, कारण एवढ्या मुलाला आठवड्याला असे 200 ते 250 ग्रॅम साधे मलम लागते आणि दुकानातल्या चिमुकल्या नळ्यांच्या भावाने ते शेतमजुराच्या घराला परवडणारे नाही.

आमची पुण्याची पुढची तारीख डिसेंबरात आहे आणि ट्रॅव्हल्सची तिकिटे अद्याप काढलेली नाहीत. त्याआधी जळगावला असा एखादा वार ठरला, तर ती काढावी लागणार नाहीत.

आपली नम्र,
एक पालक, ता. चोपडा, जि. जळगाव