चहाच्या कवितासंग्रहात फडावरचा चहाही यावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२१ मे हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला आंतरराष्ट्रीय चहा दिन. त्या सुमारास पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून चहाच्या कविता मोठ्या संख्येने वाचायला मिळतात, आणि त्या मी आवडीने वाचतो. मात्र त्यांतला चहा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घेतलेला असतो. बाहेर पाऊस पडत असतो, घरात आल्याचा वास असतो आणि समोर प्रिय व्यक्ती नाहीतर तिची आठवण असते. ज्या मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही आणि जिथल्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तिथेही दिवसाची सुरुवात चहानेच होते. तो चहा या कवितांत फारसा भेटत नाही. चहाच्या मराठी कवितांचा एक नीट निवडलेला, प्रातिनिधिक संग्रह निघावा आणि त्यात आमच्याकडच्या चहाला जागा मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चहाच्या कवितेची परंपरा जुनी आहे. चीनमध्ये थांग राजवटीच्या काळात, नवव्या शतकाच्या आरंभी, लू थुंग या कवीला दरबारातील मंग नावाच्या अधिकाऱ्याने नव्या हंगामाचा चहा भेट पाठवला, तेव्हा आभार मानण्यासाठी त्याने लिहिलेली कविता आजही जगभर उद्धृत केली जाते. पहिल्या वाडग्याने घसा ओला होतो, दुसऱ्याने एकटेपणा मोडतो, चौथ्याने आयुष्यभरातल्या अन्यायांची सल घामावाटे निघून जाते, आणि सातवा घेण्याआधीच दोन्ही काखांतून वारा वाहू लागतो, असे त्यात वर्णन आहे. चहाच्या दुकानांच्या भिंतींवर आणि संग्रहांच्या पहिल्या पानांवर हीच सात वाडग्यांची ओळ दिसते. पण कविता तिथे संपत नाही. शेवटी कवी चहा पाठवणाऱ्या त्या मंग अधिकाऱ्यालाच विचारतो की, कड्यांवर चढून जिवाच्या कराराने हा चहा खुडणाऱ्या लाखो गोरगरिबांचे काय, त्यांना कधी विसावा मिळणार आहे की नाही. चहाने आलेली धुंदी आणि तो पिकवणाऱ्यांची चिंता एकाच कवितेत आहे, म्हणून ती मोठी आहे, असे मला वाटते. तिचा शेवट कापून जे शिल्लक राहते, तेच आज चहाची कविता म्हणून चालते, याचे वाईट वाटते.

जपानमध्ये अठराव्या शतकात ‘चहा विकणारा म्हातारा’ या अर्थाच्या बाइसाओ याच नावाने ओळखला गेलेला एक झेन भिक्षू होऊन गेला. मठ सोडल्यावर तो उतारवयात क्योटोत रस्त्याकडेला चहा विकत असे, लोक देतील ते घेत असे आणि कविता लिहीत असे. टपरी चालवणारा माणूसच तिथे कवी होता. आपल्या जवळचे उदाहरण गद्यातले आहे. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ पासून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे पहाटे उठून स्वतः केलेल्या चिनी चहाबद्दल त्यांनी उर्दूत इतके जीव ओतून लिहिले आहे की, चहात दूध घालणाऱ्यांवरचा त्यांचा राग मान्य नसणाऱ्यालाही ते पुन्हा वाचावेसे वाटते. बीड जिल्ह्याची हद्द त्या जिल्ह्याला लागून आहे.

आता आमच्या चहाविषयी. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. फडावर बाई सर्वांत आधी उठते, बहुधा तीन-साडेतीनला. कोपीबाहेर, म्हणजे राहत्या खोपटाबाहेर, तीन दगडांच्या चुलीत पाचट म्हणजे उसाचा वाळला पाला सारायचा, तो भसकन पेटतो आणि लगेच विझतो, म्हणून एका हाताने सतत सारत राहायचे आणि दुसऱ्या हाताने जर्मनच्या पातेल्यातला चहा ढवळायचा. दूध बहुतेक नसतेच. तो कोरा चहा घोटभर पोटात गेला की कोयता हातात येतो, आणि पुढचे खाणे मोळ्या बांधून झाल्यावर, ऊन वर आल्यावर. त्या बाईच्या तोंडून आलेली चहाची कविता कोणत्या संग्रहात आहे?

गुळाच्या चहाचेही तसेच आहे. आज महामार्गावर त्याच्या पाट्या झळकतात. पूर्वी साखर परवडत नसलेल्या घरांचा तो रोजचा चहा होता. गूळ उकळीत असताना दूध घातले तर ते फाटते, म्हणून पातेले उतरवून मग दूध घालायचे, हे आमच्या आया-आज्यांना शिकवावे लागले नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही. तिथे भावकीतले नाहीतर शेजारचे कोणी किटली घेऊन येते आणि घरच्यांना घोटभर चहा घ्यायला लावते. सांत्वनाचे शब्द सुचत नसतात, तेव्हा ती किटलीच उपयोगी पडते.

आणि एक कपबशी अशी आहे, जिच्यावाचून हा संग्रह खोटा ठरेल. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळा कप असे, तो बाहेर वळचणीला ठेवलेला असे, आणि चहा पिऊन झाल्यावर पिणाऱ्यालाच तो विसळून ठेवावा लागे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे चहा घेतला, तो याच प्रथेवरचा घाव होता. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे दंडनीय ठरले, तरी तो वेगळा कप त्यानंतरही अनेक वर्षे टिकला. दलित लेखनात त्याच्याविषयी जे आले आहे, ते चहाचेच साहित्य आहे. त्याला चहाच्या संग्रहात जागा देणे हा संपादकाचा उपकार होणार नाही, ते त्याचे कर्तव्य आहे.

म्हणून माझी विनंती मराठवाड्यातील साहित्य संस्थांना, प्रकाशकांना आणि आपल्या वृत्तपत्रालाही आहे. केवळ छापील कवींकडून कविता मागवून हे काम होणार नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झालेल्या आहेत; त्यांत चहा कुठे येतो का, हे पाहण्यापासून सुरुवात करता येईल. आपल्याकडच्या दखनी उर्दूच्या मुशायऱ्यांतला चहाही देवनागरीत यावा. पावसाच्या आणि प्रेमाच्या कविता वगळाव्यात, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्यांतल्या चांगल्या अवश्य घ्याव्यात.

संग्रह दिवाळीला काढायचा असेल, तर ऊसतोड कामगारांकडचे ऐकून, लिहून घेण्याचे काम दसऱ्याच्या आत उरकावे लागेल, कारण त्यानंतर ते गावात सापडत नाहीत. आपल्या पुरवणीतून वाचकांना तसे आवाहन करावे. केज, धारूर आणि अंबाजोगाई या तालुक्यांतून जे येईल, ते तपासून शुद्ध प्रत तयार करण्याची जबाबदारी मी विनामोबदला घ्यायला तयार आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड